साडेछत्तीस शेर

बावीस वर्षं मी समुद्रपूरच्या एका जिनात काट्यावर काढली. जिन म्हणजे कापसातून सरकी काढाची गिरणी. हंगामात बैलबंड्यांची रांग लागे, आन हरेक बंडीवाला मले मामा बनवाले पाहे. कोणी कापसावर पाणी शिपडून आणे, कोणी गाठोड्याच्या पोटात दगड घाले. मी नुसता हात फिरवून सांगत होतो, "कारे बाप्पा, तुह्या कापसाले हाडं कवा फुटले?" लोक हासत आन तो माणूस मान खाली घालून दगड काढे. अख्ख्या तालुक्यात माह्या हाताले कोणी फसवलं नाई. फुशारकी म्हणून नाई सांगून राह्यलो. पुढं जे झालं ते समजावं म्हणून सांगतो.

सुलोचना माही बायको. लेकरू आमच्या पोटी जगलं नाई, म्हणून घरात आम्ही दोघंच. दीक्षा घ्याले आम्ही नागपूरले गेलतो, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात तिच्या मानंवर गाठ आली. दुखे नाई, खुपे नाई, म्हणून तिनं पदराखाली झाकून ठेवली. मले दिसली तवा सुपारीएवढी झालती. मी तिले गावच्या वैदूकडे नेलं. त्यानं पथ्य सांगतलं. तेल बंद, मीठ बंद, आंबट बंद, अंडंमटण तं नावच घेऊ नको. आमच्याकडे माणूस आजारी पडला का जो येते तो हेच सांगते, हे देऊ नको, ते देऊ नको. उपाशी ठेवलं का रोग उपाशी मरते, असं समजतात. सात महिने ती बिनमिठाच्या कण्यांवर राह्यली आन मी तिच्यावर पहारा ठेवला. एकदा लोणच्याची फोड चोरून चाटताना पकडली तवा मी तिले काय काय बोललो, ते आता आठवलं का तोंड कडू होते. गाठ वाढतच गेली. सुलोचना कमी होत गेली.

मंग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डाक्टरनं गाठीचा तुकडा काढून तपासला आन मले बाजूले घेऊन सांगतलं का हा कॅन्सर आहे. पण एक नवं औषध आलं आहे, शिरेतून देतात, या जातीच्या गाठीवर चालते. दर सहा हप्त्यांनी एक सुई. पहिली सुई झाली आन गाठ अर्धी झाली. खरं सांगतो, मी दवाखान्याच्या भिंतीले टेकून लहान पोरावानी रडलो. दुसरी सुई झाली आन गाठ बोटाले लागे ना. पण त्या औषधानं सुलोचनाची पार दशा केली. ओकून ओकून पोटात काई राह्यलं नाई. तोंड आतून सोलून निघालं. केस गेले. डाक्टरनं तिले वजनाच्या यंत्रावर उभं केलं आन मान हालवली.

"अडुसष्ट पौंड," तो म्हणला. तरणा डाक्टर होता, डोळ्याखाली काळं आलेलं. "हे पाहा, हे औषध विषच आहे. अंगात ताकद असली तर गाठ मरते, नसली तर माणूस मरतो. तिसरी सुई द्यायची तर सहा आठवड्यांत बाईंचं वजन पंच्याहत्तर पौंड झालं पाहिजे. त्याच्या खाली मी हात लावणार नाही."

"पथ्य काय पाळू?" मी विचारलं.

"पथ्य?" तो माह्याकडे पाहातच राह्यला. "जे मागतील ते द्या. दूध, अंडी, मटण, तूप, लोणचं. खाऊ घाला हो यांना."

म्हणजे सात महिने मी तिच्या तोंडातला घास काढला, आन आता हा म्हणते खाऊ घाला. मोटारीत बसल्यावर मी हिशेब केला. पंच्याहत्तर पौंड म्हणजे साडेछत्तीस शेर. सुलोचना होती तेहतीस शेर. साडेतीन शेर माणूस वाढवाचं होतं, बस. एवढा तं एका बंडीतला कापूस उडून जाते. मी तिले म्हणलं, "कायची काळजी करतं? माह्यासारखा मापारी घरात हाय." ती खिडकीले डोकं टेकून झोपली होती.

घरी आल्यावर मी चुलीपुढं बसलो. जन्मात बसलो नवतो. फोडणीचा वास आला का तिले उमळून येई, म्हणून मी शेजारच्या आनंदाबाईच्या आंगणात तीन दगड मांडले आन तिथं रांधाले लागलो. वारा आमच्या घराकडे असला का चूल उचलून तिच्या मांगच्या दारी नेवो. आनंदाबाई म्हातारी, तोंडानं फटकळ. म्हणे, "कवडूभाऊ, आता लुगडंच नेसा." पण कोंबडीचा रस्सा कसा गाळाचा, अंडं दुधात कसं फेटाचं, कण्या किती मऊ शिजवाच्या, हे मले तिनंच शिकवलं. एक दिवस हळूच म्हणाली, देवीले बोलून पाहा, काई बिघडत नाई. मी म्हणलं, आपण ते सारं सोडून आलो, आन देवी काई अंडे फेटून देणार नाई. ती म्हणे, "बरं बापा, तूच फेट."

सुलोचना म्हणे, सगळं एकच लागते. दूध असो का वरण असो, तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यावानी लागते. संत्र्याच्या फोडीनं तोंडात आग होई. रस्सा दोन घोट घेई आन डोळे मिटून बसे. मी वाटी घेऊन पुढ्यात बसो. "अजून एक घोट घे. हा शेवटचा. आता खरंच शेवटचा." वाटीभर रस्सा द्याले मले घंटाभर लागे, आन त्यातलं अर्धं उलटून पडे. मी पुसून काढो आन दुसरी वाटी भरो. कामावर काट्याशी उभा असलो तरी डोक्यात तेच, आज काय देऊ, आज पोटात किती राह्यलं. एवढा थकवा मले अख्ख्या हंगामात कधी आला नवता.

जिनाचे मॅनेजर वासुदेवराव भला माणूस. आईतवारी जिन बंद राहे, तवा मोठा काटा वापराची त्यायनं मले परवानगी देली. एका पारड्यात वजनं, दुसऱ्या पारड्यात सुलोचना, दोन्ही हातांनी साखळी धरून बसलेली. पहिल्या आईतवारी काटा साडेबत्तीसवर थांबला. म्हणजे आठ दिवस मरमर करून अर्धा शेर कमीच.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, अंबाडीची भाजी खावीशी वाटते. तिनं आपणहून काई मागतलं, हेच मले मोठं वाटलं. मी तीन कोस चालून अंबाडी आणली, आनंदाबाईकडून शिजवून घेतली, वरतून तेल सोडलं. सुलोचनानं एक घास घेतला, तोंडात फिरवला आन थुकून देला. "नाई जात व माय," असं कोणाले तरी म्हणाली. माहं डोकं सणकलं. मी थाळी उचलून आंगणात फेकली. "नाई खाचं तं नको खाऊ. मर." असं म्हणलो मी. मंग मांगच्या दारी जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती खाऊ लागली. निदान मले तसं वाटलं. वाटी ठेवून जा, मी हळूहळू पिते, म्हणे. मी परत येवो तवा वाटी रिकामी राहे. दुसऱ्या आईतवारी काटा साडेतेहतीसवर गेला. मी दोनदा पाह्यलं. वजनं काढून पुन्हा टाकली. साडेतेहतीसच. मी पारड्यातून तिले उचलाले गेलो तं म्हणे, "हात नका लावू, अंग दुखते. मी उतरते माही." तिसऱ्या आईतवारी चौतीस. मंग पस्तीस, छत्तीस. मी गावात ज्याले त्याले धरून सांगत सुटलो. आनंदाबाईले म्हणलं, पाहा, माह्या हातचा रस्सा. तिनं एकदा सुलोचनाकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं आन म्हणाली, "भाऊ, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात." मी म्हणलं, तुले काय समजते, काटा का खोटं बोलन?

मले दिसत नवतं असं नाई. गालाची हाडं वर आलती. घरातून जिनापर्यंत याले तिले चारदा बसावं लागे. डोळे एक सांगत होते आन काटा एक सांगत होता. बावीस वर्षं मी हेच शिकलो होतो का डोळ्यावर जाऊ नाई, गाठोडं फुगलेलं दिसते तवा आत हलकं राहते, खरं काय ते काटा सांगते. दुसऱ्या कोणाले अक्कल राह्यली असती. मीच मापारी निघालो.

शेवटच्या आईतवारी काटा सदतीसवर गेला. अर्धा शेर वरच. मी त्या दिवशी जिनाच्या आंगणात एकटाच हासलो.

बुधवारी आम्ही सकाळच्या पहिल्या मोटारीनं निघालो. फडक्यात दोन भाकरी बांधून घेतल्या, सोबत चार उकडलेले अंडे. नागपूरले उतरल्यावर ती म्हणाली, टांगा करा, चालवत नाई. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार झाली. सिस्टरनं तिले नेसत्या लुगड्यावरच यंत्रावर उभं केलं, काटा सरकवला आन कागदावर शहात्तर पौंड लिहिलं. डाक्टरनं कागद पाह्यला आन त्याचा थकलेला चेहरा पहिल्यांदा उजळला.

"शाबास बाई. आठ पौंड वाढवले. काय खाल्लं?"

सुलोचना खाटेच्या कडेवर बसली होती. मीच म्हणलं, "साहेब, कोंबडी, अंडे, सारं घरचं."

त्यानं कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडले, गुणाकार केला, पुन्हा तपासला. कोणी तोलमाप करत असलं का माह्यानं राहावत नाई. मी विचारलं, "साहेब, हे गणित कायचं?"

"औषधाचं. वजनाप्रमाणे द्यावं लागतं. एवढ्या पौंडाला एवढं. कमी गेलं तर गाठ राहते." तो सुईत औषध ओढून घेता घेता बोलत होता. "जास्त गेलं तर रक्तच तयार होत नाही मग. त्यातून परत आणता येत नाही."

मले मोठी मजा वाटली. म्हणजे हाही मापारीच निघाला. ही गंमत दाखवावी म्हणून मी सुलोचनाकडे वळलो. तिचे दोन्ही हात कंबरेवर होते, पदराखाली, काईतरी दाबून धरल्यावानी.

बंडीवाला कितीही पक्का असला तरी एक चूक करते. दगड ज्या गाठोड्यात असते त्याच्यावर त्याचा हात जाते. मी बावीस वर्षं माणसाचे हात पाहून दगड काढले. आता मी तिचे हात पाह्यले. तिनं माह्याकडे पाह्यलं. तिले समजलं का मले समजलं. तिनं मान हालवली, थोडीशीच. बोलू नका, असं.

मी किती वेळ गप राह्यलो ते सांगता येत नाई. सिस्टरनं तिच्या दंडाले रबर बांधलं, एवढा वेळ. खोटं कायले सांगू, माह्या मनात आलं का गप राहावं. गाठ जाईन. थोडं जास्त औषध गेलं तं काय, माणसं काय काय सोसतात. बोललो तं सुई गेली. सहा हप्ते गेले. बाई गेली. नाई बोललो तं कदाचित, कदाचित. हे कदाचित मी दातात धरून उभा होतो, आन डाक्टर तिच्या हाताची शीर शोधत होता. शीर सापडत नवती.

"साहेब, थांबा," मी म्हणलं. "वजन खोटं हाय."

सिस्टरनं पडदा ओढला. आतून लोखंडाचा आवाज आला, एकेक तुकडा तबकात पडत होता. जिनाच्या आंगणात भंगार पडून राहते, तुटलेल्या चाकाचे दाते, नट, बोल्ट. ते सारं फडक्यात गुंडाळून तिनं कंबरेले बांधलं होतं. दर आईतवारी मी काटा लावो तवर ती तिथं टेकून बसे, आन एकदोन तुकडे जास्त. पाच शेर लोखंड घेऊन ही बाई सकाळपासून मोटारीत बसली, रांगेत बसली. कातडी सोलून लाल झालती, असं सिस्टर मंग म्हणाली.

पुन्हा तोललं. सासष्ट पौंड.

डाक्टर रागावला नाई. रागावला असता तं बरं झालं असतं. त्यानं सुई ट्रेमध्ये ठेवली आन हात धुतले. "आज मी देऊ शकत नाही. जेवण जाऊ द्या पोटात. पंच्याहत्तर झाले की या." मंग माह्याकडे न पाहता म्हणला, "तुम्ही बोललात ते बरं केलंत. दिली असती तर आठ दिवसही..." वाक्य त्यानं पुरं केलं नाई. बाहेर रांग होती. पंच्याहत्तर होणार नाई हे त्याले ठाऊक होतं, आन मलेही ठाऊक होतं.

दवाखान्याच्या बाहेर कडुलिंबाखाली ओटा होता, तिथं आम्ही बसलो. मोटारीले दोन घंटे होते. पहिले तं मले तिचा रागच आला. माह्या हातानं रांधलेलं कुठं गेलं, मी विचारलं. आनंदाबाईच्या कुत्र्याले, ती म्हणाली.

"काऊन केलं असं? माहा राग एवढा वाईट हाय का?"

"रागाले कोण भेते तुमच्या," सुलोचना म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता का मले वाकून ऐकावं लागलं. "तुमी थाळी फेकून मांगच्या दारी गेले. तिथं बसून रडत होते. मी पाह्यलं. मंग दर आईतवारी काटा तोलाच्या वेळी तुमचं तोंड पाहवत नवतं माह्याच्यानं. म्हणलं, एवढं तं देता येईन ह्या माणसाले. खाणं होत नाई, निदान वजन तरी द्यावं. इथं येऊन असं गणित करतात हे मले कुठं ठाऊक."

"आन ठाऊक झाल्यावर? तरी गप बसली तू."

"तुमी इतके खुश होते."

दीक्षेच्या दिवशी खोटं बोलणार नाई म्हणून आम्ही दोघांनी हात जोडले होते. ती खोटं बोलली ते माह्यासाठी, आन मी खरं बोलून तिची सुई घालवली. मी बरोबर केलं, असं डाक्टर म्हणला. असनही. पण बरोबर केल्याचं समाधान म्हणतात ते मले आजवर भेटलं नाई, एवढं सांगतो.

सवयीनं मी फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडला, अंड्याचा बलक त्यावर कुस्करला आन तिच्या तोंडापुढं धरला. दीड महिना दिवसातून दहादा हेच करत होतो, हात आपोआप गेला.

तिनं माहा हात हळूच बाजूले केला. "आता कायले?" ती म्हणाली. "तोलून तं झालं."

मी हात तसाच धरून बसलो. मंग मले समजलं का माह्या पोटात आग पडली आहे. सकाळपासून मी पाणीसुद्धा पेलो नवतो. तो तुकडा मी माह्या तोंडात टाकला. मंग दुसरा मोडला. चारही अंडे मी खाल्ले, दोन्ही भाकरी खाल्ल्या, तिच्या वाट्याची बी. मी गिळत होतो, थांबता येत नवतं. इतकी लाज मले जन्मात वाटली नाई आन इतकी गोड भाकर बी कधी लागली नाई.

सुलोचना माह्याकडे पाहात होती. कितीक दिवसांनी तिच्या तोंडावरचा ताण गेला होता.

"हळू खा," ती म्हणाली. "ठसका लागन."